ए वा जेऊं

लागोस,
रविवार संध्याकाळ

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार. "तिथं जेवतेस तरी काय?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी घाईत "मिळतं सगळं" म्हणून मोकळी झाले. आज नीट सांगते.

इलुपेजू या भागात आमच्या ऑफिसामागच्या गल्लीत एक बुका आहे. बुका म्हणजे आपली खानावळच. पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि दारातच मोठाली पातेली. अशा जागेला इथं 'मामा पुट'ही म्हणतात, म्हणजे 'आई, अजून वाढ'. (मामा म्हणजे इथं आई बरं का!) आमच्या मालकीणबाईंना सगळे 'इया' म्हणतात, इथल्या योरुबा भाषेत तीही आईच.

त्यांचा अमाला, म्हणजे यामच्या पिठाचा घोटलेला गोळा, तू बघायला हवास. याम हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला, पण आतून पांढरा आणि चांगला मांडीएवढा जाड. जगातला निम्म्याहून जास्त याम एकट्या नायजेरियात पिकतो. तो अर्धवट उकडून, वाळवून दळतात. वाळताना काळपटतो, म्हणून पीठ तपकिरी. उकळत्या पाण्यात पीठ पडलं की इया दोन्ही हातांनी लाकडी दांडा असा घोटतात की एक गुठळी राहत नाही. मला आजीची तांदळाची उकड आठवली, तोच हात, तीच घाई.

गोळ्यावर एका बाजूला हिरवं एवेडू, दुसऱ्या बाजूला पिवळं ग्बेगिरी. एवेडू म्हणजे तागाची कोवळी पानं, छोट्या केरसुणीनं घोटलेली, भेंडीसारखी तार सुटणारी. ग्बेगिरी सोललेल्या चवळीचं, थेट वरणासारखं. वर लाल रस्सा आणि बकऱ्याचं मटण. त्यातल्या मिरचीचा आधी सुवास येतो, तिखट मागाहून. शिवाय इरू, आंबवलेल्या बिया. पहिल्या दिवशी त्यांचा वास सोसवला नव्हता. आता त्यांच्याशिवाय कालवण अळणी लागतं, जसं तुला सोड्यांशिवाय वांगं.

त्या पहिल्या दिवशी मी घास चावत बसले होते. इया हात धुऊन समोर बसल्या, माझ्याच ताटलीतला चिमूटभर गोळा घेतला, अंगठ्यानं त्यात खळगा केला, त्यात एवेडू उचललं आणि न चावता गिळलं. मग माझ्या हाताकडे बोट दाखवून थांबल्या. तीनदा करून घेतलं माझ्याकडून.

आणि वैजू, खरी गोष्ट पुढंच आहे. नंतर एकदा बाकावर जागा नव्हती म्हणून मी उभी होते. जेवणाऱ्या एका आजोबांनी सरकून जागा केली, ताटलीकडे हात केला आणि म्हणाले, "ए वा जेऊं." म्हणजे 'या, जेवा'. जेऊं! अगदी आपल्या घरातला शब्द, तोच नाकातला सूर. दोन भाषांचं काही नातं नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझी आई ओटीवरून हाक मारायची तसंच वाटलं. आठ महिन्यांत मला कुणी जेवायला ये म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, ते मिरचीनं असं त्यांना वाटलं असावं, त्यांनी पाणी पुढं केलं.

काकूंना ताकातल्या उकडीचं प्रमाण विचारून लवकर कळव. लसूण किती, तेही. इयांना करून खाऊ घालायची आहे. रविवारी बुका बंद असते, तेव्हाच त्यांना बोलावीन.

तुझी,
मीना