नंबर लागला, पण भाडेकरार नोंदवलेला नव्हता

मा. संपादक,
स. न.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के प्रवेशांचा विषय निघाला की सगळे लॉटरीवरच बोलतात. मी एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात 26 वर्षं लिपिक होते. निवृत्त झाल्यापासून वस्तीतल्या दहा-बारा मुलांचे अर्ज दर वर्षी भरून देते. ज्यांचा नंबर लागत नाही ते नशिबाला बोल लावून गप्प बसतात. मला रुखरुख लागते ती नंबर लागूनही परत आलेल्यांची.

माझ्याकडे पोळ्या करायला येणारी बाई एकदा मोबाइल नाचवतच आली. "काकू, लागला नंबर!" शाळा किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंत फी माफ. मुलीचा जन्मदाखला होता, वडिलांचा जातीचा दाखला होता. (जातीच्या दाखल्यावर वंचित गटातून अर्ज करणाऱ्यांना वर्षाला 1 लाखाच्या उत्पन्नाची अट नाही. तरी कितीतरी जण तहसीलदाराच्या दाखल्यासाठी उगाच खेटे घालतात.) रेशनकार्ड मात्र गावचं, म्हणून पत्त्यासाठी भाडेकरार जोडला. पडताळणीत नेमका तोच अडला. करार नोटरीचा होता, दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात नोंदवलेला नव्हता. प्रवेश गेला. मागाहून नोंदवूनही उपयोग नसतो, कारण करार अर्जाच्या आधीच्या तारखेचा लागतो. यात चूक माझीही आहे. "भाडेकरार आहे ना?" एवढंच मी विचारलं होतं, कागद उघडून पाहिला नव्हता.

घरमालकाकडे गेले तर म्हणाला, "नोंदवलं की टॅक्सचं लचांड मागे लागतं." वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे. त्याने ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या मालकाला कुणी काही विचारलं नाही. शाळा गेली ती पोरीची.

कागद तपासू नयेत असं माझं म्हणणं नाही. खोटे पत्ते देणारे मीही पाहिलेत, आणि ते बहुधा भाड्याच्या खोलीत राहत नसतात! पण कागदांची यादी अर्जाच्या जाहिरातीबरोबर हातात पडून काय उपयोग? दिवाळीतच ती अंगणवाडीच्या भिंतीवर लागली पाहिजे, आणि 'नोंदणीकृत' हा शब्द त्यात ठळक हवा. अर्जात नकाशावर घराची खूण करतानाही घाई नको. ती दोन गल्ल्या इकडेतिकडे झाली तरी शाळेपर्यंतचं अंतर बदलतं.

आता त्या बाईचा धाकटा पहिलीत जायचा आहे. तिने खोली बदलली. नव्या मालकाला तिने आधी पाण्याचं विचारलं नाही, करार नोंदवून देणार का ते विचारलं. नोंदणीचे 1000 रुपये तिनेच भरले.

– एक निवृत्त शालेय लिपिक, चिंचवड, पुणे