आजोबा कंजूष नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पानावर रोज एका चौकटीत इंग्रजी विशेषणं येतात. एक शब्द, पुढे बरोबरचं (=) चिन्ह आणि मग ओळीने चार समानार्थी शब्द. माझी नात ती चौकट कापून वहीत चिकटवते. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेसाठी ती इथल्या भंवरकुआ भागातल्या एका क्लासला जाते. माझी तक्रार त्या बरोबरच्या चिन्हाबद्दल आहे.

परवा तिची वही सहज उघडली. क्लासमध्ये शब्द देऊन वाक्यं करायला सांगितली होती. तिने लिहिलं होतं, ‘माय ग्रँडफादर वॉज अ पार्सिमोनियस मॅन’. खाली लाल शाईत टिकमार्क. पानाच्या वर आपली चौकट चिकटवलेली होती: फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, स्टिंजी, मायझरली, सगळे एका रांगेत.

आमचे हे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून, दोऱ्याने शिवून हिशेबाची वही करायचे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायचे. पण गणेशोत्सवाची वर्गणी मागायला मुलं आली की पाकीट आधीच तयार असायचं, आणि कामवाल्या बाईंच्या मुलाची फी त्यांनी दोन वर्षं भरली ते मला ते गेल्यावर कळलं. हा माणूस फ्रूगल. पार्सिमोनियस म्हणजे ज्याच्या हातून दमडी सुटत नाही तो. नातीला म्हटलं, ‘‘अगं, तू आजोबांना कंजूष म्हटलंस.’’ ती म्हणाली, ‘‘आजी, मतलब तो एकच आहे ना!’’ (इंदूरची मुलं अशीच बोलतात, त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.)

मी विचारलं, मराठीत काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक एकच का? तेव्हा मात्र ती हसली. लहानपणापासून हे शब्द तिने माणसांना लावलेले ऐकले आहेत, म्हणून त्यांची चव तिला कळते. इंग्रजी शब्द भेटले ते थेट यादीत. क्लासच्या यादीत तर लोक्वेशस, गॅरुलस, व्होल्युबल या तिघांपुढे एकच हिंदी शब्द आहे, बातूनी. खरं तर लोक्वेशस माणूस नुसता फार बोलतो. गॅरुलस क्षुल्लक गोष्टींचं पाल्हाळ लावतो, आणि व्होल्युबल म्हणजे ज्याच्या तोंडाचा पट्टा अडखळत नाही.

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की आम्ही एक घराणं घेतो, तीनच शब्द. प्रत्येकाला वाड्यातलं किंवा नात्यातलं एक माणूस शोधायचं आणि त्याच्यावर वाक्य करायचं. मग एकच प्रश्न: हे वाक्य त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येईल का? रेझोल्यूट (निश्चयी) म्हणता येतं, ऑब्स्टिनेट (हट्टी) नाही. गॅरुलसला माणूस शोधताना नात माझ्याकडे बघून गप्प बसली. मी समजले.

ती म्हणते, परीक्षेत वाक्य कुठे असतं, नुसता शब्द देतात. खरं आहे, तिच्या पेपरात पुष्कळदा तसंच असतं. सीजीएलच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण आणि चुकलं की अर्धा गुण वजा. पण चार पर्यायांत दोन जवळजवळचे आले की घोकलेली यादी तिथेच दगा देते. अमेरिकेला जाणारी मुलं जीआरई देतात, तिथे तर सहा शब्दांतून वाक्याला बसणारे आणि एकच अर्थ देणारे दोन निवडायचे. एक चुकला तरी गुण शून्य. एकमेकांचे समानार्थी, पण त्या वाक्यात न बसणारे शब्द तिथे मुद्दाम पेरलेले असतात.

इंग्रजीत असे शब्द इतके का, हेही मुलांना कुणी सांगत नाही. 1066 साली नॉर्मन लोक इंग्लंडात आले, दरबारात फ्रेंच बसली. विद्वानांनी लॅटिन आणली. म्हणून राजाशी जोडलेले तीन शब्द झाले: किंगली घरचा, रॉयल फ्रेंचांकडून आलेला, रीगल लॅटिनमधला. नात रोज इथल्या रीगल तिराह्यावरून (तिठ्यावरून) जाते, पण त्या नावाला अर्थ असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याकडे राजस संस्कृतातून आला, शाही फारसीतून. ‘शाही मेजवानी’ची ‘राजस मेजवानी’ करून पाहा, घास घशाखाली उतरत नाही.

तेव्हा विनंती अशी की चौकटीत पाचाऐवजी दोनच शब्द द्या, पण प्रत्येकाचं एक वाक्य द्या आणि अर्थ मराठीत द्या. बरोबरचं चिन्ह काढून टाकलंत तर उत्तमच. आणि ती जुनी चौकट दुरुस्तीसह पुन्हा छापता आली तर पाहावं; नातीच्या वहीत आमच्या ह्यांच्या नावावर तो टिकमार्क अजून तसाच आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर