ज्ञानेश्वर या नावाचे स्पेलिंग परस्पर बदलल्याबाबत तक्रार

दिनांक : १३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : माझ्या वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आम्हाला न विचारता बदलल्याबाबत व त्या कारणावरून अडवून ठेवलेल्या दाव्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. १५ सप्टेंबरचे त्रुटीपत्र आणि दि. २४ सप्टेंबरचा ई-मेल.

महोदय,

मी एप्रिल २०१९ पासून आपल्या कंपनीची ग्राहक आहे. माझ्या आई-वडिलांसाठी घेतलेल्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीचा हप्ता मी आजवर एकदाही चुकवलेला नाही किंवा उशिरा भरलेला नाही. माझ्या वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. त्यांच्या आधार कार्डावर, पॅन कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आणि २०१९ साली आपल्याच कंपनीने दिलेल्या पहिल्या पॉलिसीवर हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू होते. एप्रिल २०२४ च्या नूतनीकरणानंतर आलेल्या ई-कार्डावर मात्र ते जी-वाय ने सुरू झाले. हा बदल करावा असा अर्ज आम्ही कधीही केला नव्हता, त्याविषयी आम्हाला कोणी विचारले नाही आणि तसे काही केल्याचे कळवलेही नाही.

या बदलाचा परिणाम आम्हाला दि. १८ ऑगस्ट रोजी भोगावा लागला. बाबांची हर्नियाची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली होती आणि पुण्यातील ते रुग्णालय आपल्या कॅशलेस यादीत आहे. सकाळी साडेसात वाजता आम्ही तेथे पोहोचलो. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवरील मुलीने बाबांचे आधार कार्ड आणि माझ्या मोबाइलमधील ई-कार्ड शेजारी शेजारी ठेवले, पहिल्या अक्षरावर बोट ठेवले आणि अतिशय सौजन्याने विचारले, “ताई, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत का?” तिचा काहीच दोष नव्हता. तिने पूर्वमंजुरीची विनंती पाठवली आणि दुपारी दीड वाजता तुमच्याकडून उत्तर आले की, विमाधारकाचे नाव ओळखपत्राशी जुळत नसल्याने कॅशलेस सुविधा देता येत नाही. पूर्वमंजुरीवर एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्येच सर्व कंपन्यांना बजावलेले आहे. येथे त्या निर्णयाला सहा तास लागले आणि तोही तुम्हीच केलेल्या बदलाच्या आधारे आमच्या विरोधात गेला. सत्तर वर्षांचे बाबा तोवर उपाशीपोटी, हाताला सुई लावून, हिरव्या गाऊनमध्ये पलंगाच्या कडेवर बसून होते. “माझ्या नावाचं काय झालं?” एवढेच ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते.

शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य नव्हते. त्यामुळे आईची मुदत ठेव मोडून मी १,१८,४०० रुपये भरले. १ सप्टेंबर रोजी मूळ बिलांसह प्रतिपूर्तीचा दावा दाखल केला. त्यावर १५ सप्टेंबरचे त्रुटीपत्र आले असून त्यात ‘नावातील बदलाच्या राजपत्राची प्रत अथवा प्रतिज्ञापत्र’ मागितले आहे. महोदय, राजपत्रात जाहिरात नाव बदलणाऱ्याने द्यायची असते. माझ्या वडिलांनी सत्तर वर्षांत एकदाही नाव बदललेले नाही. ते आपल्या संगणकाने बदलले आहे. आपल्या कार्यालयात झालेल्या चुकीबद्दल माझ्या वडिलांनी मुद्रांकाच्या कागदावर शपथ का घ्यावी, हे मला समजलेले नाही.

१७ सप्टेंबर रोजी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर बोलले, तेव्हा अधिकाऱ्याने मला मध्येच थांबवून सांगितले, “मॅडम, डी-एन-वाय से कोई नाम नहीं होता। वो टाइपिंग मिस्टेक था, सिस्टम ने ठीक कर दिया।” या तक्रारीमागील खरे दुखणे या एका वाक्यात आहे आणि म्हणून त्याचे उत्तर मी थोडे विस्ताराने देते.

ज्ञ हे जोडाक्षर ज आणि ञ मिळून झाले आहे, परंतु त्याचा उच्चार प्रत्येक भाषेने आपापल्या परीने केला आहे. हिंदीत ते ‘ग्य’ असे उच्चारतात, म्हणून तिकडे जी-वाय लिहितात. गुजरातीत उच्चार ‘ग्न’ च्या जवळ जातो, म्हणून तेथे जी-एन दिसते आणि तमिळनाडूतही याच शब्दाची नावे जी-एन ने लिहिण्याची रीत आहे. ज्ञानपीठ या नावाची इंग्रजी अक्षरे संस्कृत लेखनाला धरून जे-एन ने सुरू होतात. मराठी माणूस मात्र ‘द्न्य’ म्हणतो आणि जसे म्हणतो तसेच इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. ज्याच्या कानाला ‘ग्य’ ची सवय आहे, त्याला ही तीन अक्षरे विचित्र वाटतील हे मी मान्य करते. पण विचित्र वाटणे आणि चूक असणे यांत फरक आहे आणि तो फरक ओळखणे हे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीचे कामच आहे.

हे स्पेलिंग कालपरवा कोणाच्या हौसेने किंवा अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने आलेले नाही. आमचे मूळ गाव संगमनेर तालुक्यात आहे. आमच्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या अहमदनगरमध्ये, १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचे नाव इंग्रजीत डी-एन-वाय नेच लिहिले जाते. आमच्याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ती सांगणाऱ्या माउलीच्या नावावरून माझ्या वारकरी आजोबांनी मुलाचे नाव ठेवले. महाराष्ट्रात या नावाची माणसे गावोगाव आहेत. ज्ञानदेव, ज्ञानदा, ज्ञानोबा ही नावेही घरोघरी आढळतात. त्यांतल्या बहुतेकांचे इंग्रजी स्पेलिंग माझ्या वडिलांप्रमाणेच डी-एन-वाय ने सुरू होते आणि ‘असे नाव नसते’ हे वाक्य त्या सर्वांना उद्देशून होते.

बाबांच्या बाबतीत ही अक्षरे कागदावर कशी आली, तेही सांगते. ते १९७२ साली जुन्या अकरावीची परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले. परीक्षेचा अर्ज भरताना नाव पहिल्यांदाच इंग्रजीत लिहायचे होते. वर्गशिक्षकांनी एकेका मुलाला फळ्यापाशी बोलावून त्याच्या नावाचे स्पेलिंग खडूने लिहून दाखवले आणि वहीत उतरवून घ्यायला लावले. बाबांची ती वही आता नाही, पण ते प्रमाणपत्र आहे. चार घड्या पडलेले, एका घडीवर चिकटपट्टी लावलेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. त्यावर टंकलेखन यंत्राने उमटवलेली अकरा अक्षरे आहेत आणि त्यांतला डी किंचित वर उचललेला आहे. पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवताना बाबांनी याच अकरा अक्षरांनी सह्या केल्या, पगार उचलला, कर्ज घेऊन फेडले आणि माझ्या व माझ्या भावाच्या जन्मदाखल्यांवर वडील म्हणून हेच नाव लिहून दिले. आपल्या कार्डावर ती अक्षरे दहा झाली आहेत.

२४ सप्टेंबरच्या ई-मेलमध्ये आपल्या कार्यालयाने म्हटले आहे की, नव्या प्रणालीत जुन्या नोंदी नेताना नावांचे ‘प्रमाणीकरण’ करण्यात आले आणि ग्राहकाने आता आधार कार्डावरील नाव पॉलिसीप्रमाणे करून घेतल्यास प्रश्न सुटेल. ही सूचना देणाऱ्याने तिचा अर्थ लक्षात घेतलेला दिसत नाही. आधारवरील नाव आयुष्यात केवळ दोनदा बदलता येते. ते बदलले की पॅनशी जुळत नाही, पॅन बदलले की बँकेशी आणि निवृत्तिवेतनाशी जुळत नाही आणि इतके सगळे करूनही अकरावीचे प्रमाणपत्र व सेवापुस्तक जुन्याच नावाचे राहते. म्हणजे एका विमा कंपनीच्या एका रकान्यासाठी एका वृद्ध माणसाने आपले आयुष्यभराचे कागद बदलत फिरायचे. त्यापेक्षा आपल्या प्रणालीतील एक रकाना दुरुस्त करणे सोपे आहे आणि न्याय्यही आहे.

याच नावावर आपल्या कंपनीने २०२२ मध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दावा मंजूर करून पैसे दिलेले आहेत. त्या मंजुरीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. नाव चुकीचे होते, तर तो दावा मंजूर कसा झाला? आणि तेव्हा बरोबर होते, तर ते चुकीचे केव्हा व कोणी ठरवले?

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करते. २०२४ चे ई-कार्ड आले तेव्हा मी त्यावरील विम्याची रक्कम आणि मुदत पाहिली. नाव वाचले नाही. पाच वर्षे बरोबर छापले जात असलेले वडिलांचे नाव आपोआप बदलेल, अशी शंका माझ्या मनात आली नाही. नूतनीकरणानंतर तपशील तपासण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे, असे आपण म्हणू शकता. परंतु ती जबाबदारी पाळता यावी म्हणून काय बदलले ते सांगणे आवश्यक होते. कोणत्या नोंदीत कोणता बदल केला, याची एक ओळीची सूचना मोबाइलवर आली असती, तर मी त्याच दिवशी फोन केला असता. हप्त्याची आठवण करून देणारे संदेश मात्र दर वर्षी महिनाभर आधीपासून येतात.

मला काळजी वाटते ती केवळ आमच्या पॉलिसीची नाही. ज्या नियमाने ज्ञानेश्वर बदलले, तोच नियम आणखी किती नावांना लागला असेल? मराठीत ऋ चा उच्चार ‘रु’ होतो, म्हणून आमच्याकडील ऋतुजा आणि ऋषिकेश आर-यू ने लिहिले जातात, तर हिंदी सवयीने ते आर-आय ने लिहिले जातात. नामदेव, महादेव, सहदेव या जुन्या पिढीतील नावांच्या शेवटी व्ही नसून डी-ई-ओ असते, कारण जुन्या कागदपत्रांत तशीच रीत होती. यशवंत हे नाव वाय-ई ने लिहिणारे कितीतरी आजोबा आजही आहेत. वामन कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. ही सगळी माणसे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, कारण माणसाच्या नावाचे शुद्ध रूप म्हणजे तो माणूस स्वतः जसे लिहितो ते. माझ्या आईच्या नावाला यंत्राने हात लावला नाही, कारण तिचे नाव सर्वत्र एकसारखेच लिहिले जाते. जे नाव एका प्रदेशापुरते वेगळे लिहिले जाते, तेच या प्रमाणीकरणात सापडते. मग हे प्रमाण कोणाच्या भाषेचे धरले होते, हे आपल्या कंपनीने ग्राहकांना सांगितले पाहिजे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. बाबांचे नाव पॉलिसी, ई-कार्ड, टीपीएची नोंद आणि मागील दाव्यांची नोंद या सर्व ठिकाणी आधार कार्डाप्रमाणे पूर्ववत करावे आणि त्यासाठी आमच्याकडून कोणतेही प्रतिज्ञापत्र, शुल्क किंवा राजपत्र मागू नये. १,१८,४०० रुपयांचा दावा त्रुटीपत्र मागे घेऊन मंजूर करावा आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे विलंबाचे व्याज द्यावे. हा बदल चुकीने व ग्राहकाच्या संमतीशिवाय झाला, असे लेखी पत्र बाबांच्या नावे द्यावे. हे पत्र मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या दिवसापासून बाबा प्रत्येक कागदावर सही करण्यापूर्वी चष्मा लावून आपले नाव अक्षर अक्षर वाचतात आणि मला विचारतात, “हे चालेल ना?” आयुष्यभर मुलांची नावे हजेरीत न चुकता लिहिणाऱ्या माणसावर ही वेळ यायला नको होती. याशिवाय, महाराष्ट्र व गोव्यातील ज्या ग्राहकांची नावे त्या प्रमाणीकरणात बदलली गेली, त्या सर्वांना ते रुग्णालयाच्या खिडकीवर उभे राहण्याआधी आपल्या कंपनीने स्वतःहून कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि एक महिना उलटल्यानंतर पुणे येथील विमा लोकपालांकडे दाद मागेन. आपल्या ग्राहक सेवा अधिकाऱ्यावर व्यक्तिशः कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. मात्र महाराष्ट्रातील ग्राहकांशी बोलणाऱ्या प्रत्येकाला ज्ञ हे अक्षर आम्ही कसे उच्चारतो आणि कसे लिहितो, हे एकदा शिकवावे, अशी विनंती आहे.

आपले उत्तर कृपया माझ्या नावे न पाठवता वडिलांच्या नावे, त्यांच्या संगमनेरच्या पत्त्यावर, छापील पत्राने पाठवावे. पाकिटावर त्यांचे नाव अकरा अक्षरांत, डी ने सुरू होणारे असावे.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक
(पूर्ण नाव, पॉलिसी क्रमांक व संपर्काचा तपशील सोबतच्या प्रतींवर आहे.)

सोबत : २०१९ ची मूळ पॉलिसी, २०२२ चे मंजुरीपत्र, २०२४ व २०२५ ची ई-कार्डे, आधार व पॅन यांच्या प्रती, १९७२ च्या अकरावीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, रुग्णालयाची बिले.