नुसते गमबूट पुरणार नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या कालच्या अंकातला मेलिऑयडोसिसवरचा, म्हणजे चिखलमातीतल्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाच्या रोगावरचा, लेख वाचला. शेतात गमबूट घाला, जखमा झाका, घाबरू नका, एवढे सांगून तो संपतो. गमबूट घालावेतच. पण तरीही ताप आला तर काय करायचे, हे कोण सांगणार?

माझे थोरले बंधू गेल्या पावसाळ्यात भातलावणीनंतर तापाने पडले. मधुमेह जुना, टाचांना भेगा आणि दिवसभर पाय चिखलात. एक्स-रेत फुफ्फुसावर डाग दिसला, तेवढ्यावरून क्षयाची औषधे सुरू झाली. जोडीला जेंटामायसिनची इंजेक्शने. ताप हटेना. पुढे प्लीहेत गळू निघाले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी फाईल चाळली. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल तीत पहिल्यापासून पडून होता. 'स्यूडोमोनास (एक जंतू), बहुधा बाहेरून मिसळलेला', असा शेरा. खाली जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्हींसमोर 'आर', म्हणजे निरुपयोगी. अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटसमोर मात्र 'एस', म्हणजे लागू पडणारे. ऑक्सिडेज या प्रयोगशाळेतल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या जंतूत असे दिसले की बर्खोल्डेरिया स्यूडोमलायचा, म्हणजे मेलिऑयडोसिसच्या जंतूचा, संशय घ्यायचाच असतो, असे त्या डॉक्टरांनी आम्हाला बोट ठेवून दाखवले. जी इंजेक्शने चालू होती, ती लागू पडत नाहीत हे त्याच कागदावर छापलेले होते! कुणी वाचले नाही, याचा संताप अजून जात नाही.

या रोगावर सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान 10 ते 14 दिवस द्यावे लागते आणि मग को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या तर रोग उलटतो. लेखात यातले अवाक्षर नाही. 1911 साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा रोग ओळखला. शेजारच्या कर्नाटकातल्या उडुपी-मणिपाल भागात रुग्ण सापडत आले आहेत. पाऊस तोच, भातशेती तीच. मग आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात मधुमेही माणूस तापाने आला की अँटिबायोटिक देण्याआधी त्याचे रक्त कल्चरला का जात नाही?

आणि लेखासोबत माशेलच्या चिखलकाल्याचा, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाचा, फोटो कशासाठी? मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. आषाढात एक दिवस चिखलात खेळणाऱ्या पोरांना धास्ती घालू नका. धोका जास्त आहे तो आठवडेच्या आठवडे वाफ्यात वाकून लावणी करणाऱ्यांना. फोटो त्यांचा हवा होता.

हे कल्चर गोव्यात कुठे कुठे होते आणि अहवाल किती दिवसांत हातात पडतो, हे लावणी सुरू होण्याआधी छापा, ही विनंती.

एक वाचक, डिचोली