दहावीनंतर गळालेल्या मुलांची नोंद कोणाकडे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की उत्तीर्णांची टक्केवारी, विभागवार क्रमवारी आणि अकरावी प्रवेशाचे वेळापत्रक यांनी वृत्तपत्रांची पाने भरून जातात. त्या निकालात अनुत्तीर्ण ठरलेली जी मुले पुरवणी परीक्षेला बसत नाहीत आणि कोणत्याही प्रशिक्षणाला जात नाहीत, ती मात्र त्या दिवसानंतर कोणत्याच कागदावर दिसत नाहीत. नववीतच शाळा सोडलेल्यांचे तर निकालातही नाव नसते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये संधाता, म्हणजे वेल्डर, या व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून मी सुमारे तीन दशके काम केले. ही मुले मला कार्यशाळेत जितकी भेटली, त्याहून अधिक ती गावच्या पारावर, द्राक्षबागेत आणि चौकातल्या टपरीपाशी भेटली. त्यांच्याविषयी काही गोष्टी आपल्या वाचकांसमोर मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याची हमी सहा ते चौदा या वयापुरतीच आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, तेही याच वयोगटाचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. तरीही पंधरा-सोळाव्या वर्षी शाळेचा उंबरठा सोडलेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘आता काय करतोस?’ असे विचारणे, ही आज कोणाचीच नेमून दिलेली जबाबदारी नाही. शाळेच्या दृष्टीने तो तिचा विद्यार्थी राहिलेला नसतो. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या दृष्टीने तो उमेदवारही नसतो, कारण त्याने संकेतस्थळावर नोंदणी केलेली नसते. आईला विचारले तर ती ‘घरीच असतो’ एवढेच सांगते आणि गाव त्याला रिकामटेकडा म्हणून मोकळे होते.

माझ्या अनुभवात यांतील फार थोडी मुले खरोखर रिकामी असतात. बीजगणितात नापास होऊन दोन वर्षे घरी असलेला एक मुलगा सतराव्या वर्षी माझ्या तुकडीत आला. त्याचा हात इतका स्थिर होता की महिन्याभरात त्याचा सांधा जुन्या मुलांच्या तोडीचा दिसू लागला. जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि तो यायचा बंद झाला. परीक्षेला बसण्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागते, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. बागेतली रोजची मजुरी घरात येत होती आणि आमच्याकडच्या विद्यावेतनात एसटीचा खर्चही निघत नव्हता, हे त्याच्या वडिलांनी मला शांतपणे समजावून सांगितले. त्यांचे काहीही चुकत नव्हते. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता आणि मुलगा माझ्याबरोबर परत आला. तो आज एका कारखान्यात कायम कामगार आहे. त्याच वर्षी आणखी चार मुले गळाली. त्यांच्या घरी जायला मला सवड झाली नाही आणि त्यांचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही. एका निदेशकाच्या सवडीवर हे अवलंबून राहू नये, असे मला तेव्हापासून वाटते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यावेतन दीर्घकाळ दरमहा ४० रुपये होते. २०२३ मध्ये शासनाने ते ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला, त्याबद्दल शासनाचे आभार मानले पाहिजेत. तरीही ज्या घराला मुलाच्या मजुरीची गरज आहे, त्या घराने वर्ष-दोन वर्षे ती सोडून द्यावी इतके बळ या रकमेत नाही. दुसरीकडे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले, मात्र तिची किमान पात्रता बारावी उत्तीर्ण अशी आहे. ज्याच्या हाती कोणतेच प्रमाणपत्र नाही, त्याला यात दारच नाही. जे आत गेले त्यांचेही प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांनंतर, आणि २०२५ मधील मुदतवाढीनंतर अकरा महिन्यांनी, पुढे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. या योजनेला माझा विरोध नाही, पण ती सर्वांत मागे राहिलेल्यांपासून सुरू व्हायला हवी होती.

दहावी अनुत्तीर्ण मुलाला संधाता, तारतंत्री, नळ कारागीर, सुतारकाम अशा व्यवसायांत आजही प्रवेश मिळतो. पुढे ट्रान्सफर ऑफ क्रेडिटच्या सवलतीने प्रशिक्षणाचे गुण धरून त्याला मंडळाची परीक्षाही देता येते. शाळा सोडलेल्यांसाठी खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा नमुना क्रमांक १७ चा अर्ज आहे. हे सारे मार्ग शासनाचेच आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र ज्यांच्यासाठी ते केले, त्यांतील कितीतरी पालकांना मी ते प्रथमच सांगत असे, आणि ऑनलाइन अर्जाची मुदत तोपर्यंत उलटून गेलेली असे.

दुसरा एक गट आपल्याला दिसतो, पण मोजला जात नाही. पहाटे रस्त्याने धावणारी आणि ‘भरतीची तयारी करतोय’ असे सांगणारी ही मुले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे सतरा हजार पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. ज्यांची निवड झाली नाही, त्यांतील अनेकांची पंचविशीपर्यंतची वर्षे मैदानावर जातात आणि हातात कोणतेही कौशल्य राहत नाही. त्यांची जिद्द खरी आहे. तयारी चालू असतानाच त्यांना दुपारच्या सत्रात एखादा व्यवसाय शिकता आला, तर ती जिद्द वाया जाणार नाही.

मुलींची स्थिती याहून कठीण आहे, कारण घरी बसलेली मुलगी कोणालाच खटकत नाही. ती स्वयंपाक करते, धाकट्यांना सांभाळते, शेतात जाते, आणि लग्न ठरेपर्यंतचा काळ असाच जातो. प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर मुलगी घरी कशी येणार, या एका काळजीपोटी त्या जागांचे अर्ज भरलेच जात नाहीत, हे मी अनेक घरांच्या ओसरीवर बसून ऐकले आहे. तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृह, किंवा निदान कार्यशाळेच्या वेळेशी जुळणारी बस, हा मुलींच्या प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत, शिक्षण, रोजगार व प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर असलेल्या तरुणांचे प्रमाण २०२० पर्यंत लक्षणीयरीत्या कमी करण्याचे लक्ष्य होते. ते वर्ष केव्हाच मागे पडले. युरोपीय संघातील देशांनी २०१३ मध्ये असे ठरवले की शिक्षण सोडल्यापासून किंवा काम सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत प्रत्येक तरुणासमोर नोकरी, पुढील शिक्षण, उमेदवारी (अप्रेंटिसशिप) किंवा प्रशिक्षण यांपैकी एक प्रस्ताव ठेवायचा. तेथील व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. घेण्यासारखी आहे ती चार महिन्यांची मुदत. मुलगा एकदा वर्षभर घरी राहिला की त्याला परत आणणे किती अवघड जाते, हे प्रत्येक निदेशक सांगेल.

अशी हमी देणे महाराष्ट्राला परके नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आमच्याच तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. पुढे त्याचा १९७७ चा कायदा झाला आणि मागेल त्याला काम देण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घेतले. आज पंधरा ते एकवीस या वयाच्या मुलांसाठी तेवढी मोठी यंत्रणाही लागणार नाही. नावे शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये आहेत. कोणी शाळा सोडली, कोण अनुत्तीर्ण झाले आणि पुन्हा बसले नाही, याची गावनिहाय यादी मुख्याध्यापकांनी तालुक्याला द्यावी. प्रत्येक तालुक्यात या यादीसाठी जबाबदार असा एक पूर्णवेळ माणूस नेमावा. त्याने फोनवर न थांबता घरी जावे, अर्ज सोबत बसून भरावा आणि प्रवेशानंतर निदान सहा महिने त्या मुलाची हजेरी पाहावी. त्याच्या कामाचे मोजमाप केवळ झालेल्या नोंदणीवरून न करता वर्षाअखेरीस किती मुले टिकली यावरून व्हावे. आमच्या भागात द्राक्षाच्या, तर इतरत्र ऊसतोडीच्या हंगामाशी जुळवून घेणाऱ्या तुकड्या काढण्याची मुभा संस्थांना मिळावी. दहावी अनुत्तीर्ण प्रशिक्षणार्थींना युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या जवळपास जाणारे विद्यावेतन द्यावे.

येत्या पुरवणी परीक्षेच्या निकालापासून एका जिल्ह्यात जरी याची सुरुवात झाली, तरी मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त निदेशक घरोघरी जाण्याच्या कामासाठी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत. संबंधित विभागाने आम्हाला आपल्या तालुक्याची यादी तेवढी द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
जि. सांगली