उजेड व्हॉल्व्हचा, मेहनत मॉसफेटची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरी बनवलेल्या हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) नि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या, हेडफोन ॲम्प्लिफायरवरचा लेख वाचला. वर्तमानपत्रात सोल्डरिंग आयर्नला जागा मिळाली, एवढ्यानेच निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. लेखाची बहुतेक शाई व्हॉल्व्हच्या केशरी उजेडावर नि 'उबदार' आवाजावर खर्च झाली आहे. त्या डब्यात खरोखर राबणाऱ्या पार्टांचं साधं नावही आलेलं नाही. शिवाय शेवटी जो सल्ला दिलाय तो अंगाशी येण्यासारखा आहे. त्याकडे येतोच.

आधी छायाचित्राबद्दल. त्यात व्हॉल्व्हच्या बुडातून छान निळा प्रकाश येताना दिसतो. असा छोटा व्हॉल्व्ह निळा पेटत नाही. त्याचा हीटर कॅथोडच्या, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या, बारीक नळीत दडलेला असतो आणि वरच्या टोकाला नि खाली जरासा तांबूस दिसतो, तोही खोलीत अंधार केला तर. निळा उजेड आहे तो सॉकेटच्या मधल्या भोकात खालून बसवलेल्या एलईडीचा. स्वस्त किटमध्ये हा प्रकार सर्रास असतो. एलईडीला माझी हरकत नाही, गणपतीच्या आराशीत आपण लावतोच की. पण तो उजेड बघून 'व्हॉल्व्ह चालतोय' असं कुणी समजू नये. व्हॉल्व्ह काढून ठेवला तरी एलईडी पेटतच राहील.

मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झालो तरी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं अजून वस्तू घेऊन येतात. अशाच एकाने ऑनलाइन मागवलेलं किट आणलं. ६जे१ जातीचे दोन चिमुकले व्हॉल्व्ह, खाली एलईडी, वर चकचकीत ॲक्रिलिक. "सर, हेडफोन लावला की आवाजच चढत नाही." चढेल कसा? तो नुसता प्रीॲम्प, म्हणजे मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा, होता. व्हॉल्व्हनंतर पुढे काहीच नव्हतं, सिग्नल सरळ जॅकला. विकणाऱ्याने मात्र जाहिरातीत हेडफोनचं चित्र टाकलं होतं. आपल्या लेखातही नेमकी ही 'पुढची' बाजू गळली आहे.

व्हॉल्व्ह व्होल्टेज वाढवतो, पण त्याच्यात करंट द्यायची ताकद नसते. ईसीसी८२ म्हणजेच १२एयू७ हा जोड-ट्रायोड (एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह) घ्या. डाटाशीटप्रमाणे त्याला प्लेटवर २५० व्होल्ट लागतात, तेव्हा दहाएक मिलिॲम्पिअर करंट वाहतो. घरगुती हायब्रिडमध्ये त्याला १२ व्होल्टवर उपाशीच ठेवलेलं असतं. तिथे तो जेमतेम मिलिॲम्पिअरभर करंट घेतो आणि त्याच्या बाहेर पडायच्या वाटेवरचा अडथळा हजारो ओहमचा होतो. हेडफोन असतो ३२ ओहमचा. दहा हजार ओहमच्या मागून आलेला एक व्होल्ट ३२ ओहमवर टाकला की उरतात तीन मिलिव्होल्ट. त्या मुलाच्या तक्रारीचं सगळं गणित एवढंच.

म्हणून मध्ये मॉसफेट, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, लागतो. बहुतेकजण आयआरएफ५१० वापरतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. तो व्होल्टेज तिळभरही वाढवत नाही. गेट नावाच्या पायावर जे येतं तेच सोर्स नावाच्या पायावर उतरवतो, पण मागे भरपूर करंट घेऊन. व्हॉल्व्ह मुकादम, मॉसफेट हमाल. आणि हमालाचं नाव पुरवणीत येत नाही, ही आपली जुनी रीत.

मॉसफेटच्या खाली एलएम३१७. सगळ्यांना तो व्होल्टेज रेग्युलेटर म्हणून ठाऊक, पण इथे त्याला करंट बांधून ठेवायच्या कामाला जुंपलेलं असतं. आउटपुट आणि ॲडजस्ट पिनच्या मध्ये तो कायम १.२५ व्होल्ट राखतो. तिथे ५ ओहमचा रेझिस्टन्स घातला की झाला २५० मिलिॲम्पिअर करंट, गाणं चालू असो वा नसो. नेमका ५ ओहमचा मिळत नाही, तर १० ओहमचे दोन समांतर लावावेत. याला क्लास ए म्हणतात, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) फिरवून मॉसफेटच्या सोर्सवर ६ व्होल्ट लावले की मॉसफेटवर दीड वॉट, एलएम३१७ वर सव्वा वॉट तापतो. दोन चॅनेल मिळून हीटरसकट डबा सात-आठ वॉट खातो आणि कानापर्यंत पोचतात ते काही मिलिवॉट! म्हणूनच आपल्या छायाचित्रातली ती दोन काळी ॲल्युमिनियमची हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे ठोकळे, व्हॉल्व्हपेक्षा महत्त्वाची. आपल्या कलाकारांनी ती नेमकी अर्धी कापली आहेत.

हीट सिंकचाच एक बारकावा, कारण पार्ट जळतात ते इथेच. आयआरएफ५१० चा पत्रा आतून ड्रेन या तिसऱ्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे त्याच्यावर थेट १२ व्होल्ट. एलएम३१७ चा पत्रा आउटपुट पिनला जोडलेला. दोघांना एकाच हीट सिंकवर नुसतेच कसले की शॉर्ट झालाच. मध्ये अभ्रकाची चकती, स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट, आणि मग मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासायचं. बीप वाजला नाही तरच वीज द्यायची. शिवाय गेटच्या पायाला अगदी चिकटून शे-दोनशे ओहमचा रेझिस्टन्स हवा. तो नसला तर मॉसफेट रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्वतःच गायला लागतो. आपल्याला ते ऐकू येत नाही, पार्ट मात्र विनाकारण तापतो.

बाहेर पडताना सिग्नल एका कपॅसिटरमधून जातो, नाहीतर ते ६ व्होल्ट डीसी सरळ हेडफोनच्या कॉइलवर बसले असते. त्याची प्लस बाजू मॉसफेटकडे. इथे कंजूसपणा नको. ३२ ओहमला १०० मायक्रोफॅरड घातला तर ५० हर्ट्झला ताकद निम्म्यावर येते. ४७० घातला तर ती हद्द ११ हर्ट्झच्या आसपास जाते. मिरजेत राहणाऱ्याला हे आकडे तंबोऱ्यावर मोजायची खोड असते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळपास असतो. १०० मायक्रोफॅरडवर तो पातळ झालेला मला ऐकू येतो, आणि माझे कान आता काही तरुण नाहीत.

आता त्या 'उबे'बद्दल. उपाशी व्हॉल्व्ह मूळ सिग्नल थोडा बिघडवतो, हे खरं. त्या बिघाडात दुसरा हार्मोनिक जास्त असतो, म्हणजे त्याच सुराचा वरचा षड्ज. तिसरा हार्मोनिक म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. हे सूर तंबोऱ्याच्या जवारीतून निघणाऱ्या सुरांच्या गोतावळ्यातलेच, म्हणून कानाला खुपत नाहीत. मलाही तो आवाज आवडतो. पण त्याला 'जास्त शुद्ध' म्हणू नये. शुद्धच हवा असेल तर चांगल्या ऑपॲम्पवर (तयार ॲम्प्लिफायरच्या चिपवर) थोडक्या पैशांत भागतं.

आता तो सल्ला. 'घरातल्या जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह काढूनही वापरता येतो', असं लेखात आहे. कृपा करून हे वाक्य मागे घ्यावं. व्हॉल्व्हच्या युरोपियन नंबरातलं पहिलं अक्षर हीटर कसा आहे ते सांगतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिॲम्पिअर, यू म्हणजे १०० मिलिॲम्पिअर. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या एसी-डीसी रेडिओंत यू मालिकेचे व्हॉल्व्ह आहेत. यूसीसी८५ च्या हीटरला २६ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टवर तो नीट तापणारच नाही. नुकसान तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्या रेडिओंना मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. लोखंडी चॅसी (आतला सांगाडा) थेट वीजवाहिनीच्या एका तारेला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला तर ती तार फेजची असते. ट्रान्सफॉर्मरवाल्या रेडिओतही फिल्टर कपॅसिटर वायर काढल्यावर काही काळ शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतो. १२ व्होल्टचा हायब्रिड शाळकरी मुलाच्या हातात द्यायला माझी ना नाही. आजोबांचा रेडिओ मात्र त्याला एकट्याला उघडू देऊ नये.

तेव्हा पुढच्या रविवारी एक चौकट छापावी, ही विनंती. रेडिओबद्दलची सूचना ठळक असावी. अभ्रकाच्या चकतीचा उल्लेख यावा. आणि डबा चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच हेडफोनची पिन घालावी, हेही लिहावं. चालू होताना आउटपुटचा कपॅसिटर भरतो आणि त्याचा धप्पकन आवाज कानात बसतो. सर्किटची आकृती हाताने काढून सोबत जोडली आहे. व्हॉल्व्हच्या पिना खालच्या बाजूने पाहून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्या आहेत. ईसीसी८२ मध्ये ६.३ व्होल्टचे दोन हीटर एकापुढे एक असतात, म्हणून हीटरचे १२ व्होल्ट ४ आणि ५ नंबरला, ९ नंबर मोकळा. छापताना आकृती उलटी होणार नाही, एवढं आपल्या कलाकारांना जरूर सांगावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक, मिरज