वर्गणीची वही उरलेल्या दारांवरही न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की सोसायट्यांमध्ये गणपतीच्या बैठका सुरू होतात. कोथरूडला आमच्याकडेही परवा पहिली बैठक झाली. तिथे मी जे मांडले ते इतर मंडळांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एवढेच की कार्यक्रम आणि खर्च ठरवण्याआधी, जे येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन या.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा वर्गणीची वही माझ्याकडे आली. फ्लॅट ४२, वहीत नावे ३१. उरलेली ११ दारे कोणाची, हे गेल्या वर्षी मी प्रथमच पाहिले. त्यांतली सहा भाडेकरूंची होती. भाडेकरूंना कशाला त्रास, म्हणून त्यांच्याकडे जायचेच नाही अशी आमची पद्धत. हेतू चांगलाच होता. पण लातूरहून शिकायला आलेल्या चार मुली म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे कुणी वर्गणीच मागितली नाही, मग आरतीला कसं यायचं?" मला ते फार लागले. आम्ही वर्गणीत पैसे बघत होतो, त्या बोलावणे बघत होत्या. त्यांनी ५१ रुपये दिले, रोज आरतीला आल्या, आणि शेवटच्या रात्री भेळेचा सगळा कांदा त्यांनीच चिरला.

वहीत नाव असूनही खाली न येणारे वेगळेच. पहिल्या मजल्यावरचे आजोबा पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर असतात. लिफ्ट तळमजल्याला थांबते, आणि मंडप तिथून तीन पायऱ्या खाली, पार्किंगमध्ये. दरवर्षी आम्ही त्यांना प्रसाद वर नेऊन द्यायचो आणि त्यात समाधान मानायचो. मंडपवाला म्हणाला, फळी टाकून देतो. सहा फुटांची फळी इतकी चढी झाली की ढकलणाऱ्याचाच पाय घसरला. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, हे तेव्हा समजले. आमच्या पायऱ्या दीड फुटाच्या, म्हणजे अठरा फूट. स्टेज मागच्या भिंतीला सरकवल्यावर तेवढी जागा निघाली! पाचव्या दिवशी आजोबांनी एका हाताने आरती ओवाळली.

पाचव्या मजल्यावरचे कुटुंब दरवर्षी दहा दिवस बाहेरगावी जाई. मुलगा स्वमग्न आहे, स्पीकर लागला की कान दाबून कॉटखाली शिरतो. आम्ही सकाळची आरती स्पीकर आणि झांजांशिवाय, नुसत्या टाळ्यांवर केली. गेल्या वर्षी ते पुण्यातच राहिले. घरकामाच्या बायकांना रात्री आठचा कार्यक्रम कधीच जमत नसे, त्यांच्यासाठी एक दिवस दुपारी साडेबाराची आरती आणि जेवण ठेवले.

आता जे लिहायला मला जड जाते ते. गौरींच्या हळदीकुंकवाचा आमचा फलक 'सर्व सुवासिनींना आमंत्रण' असा असे. मी विधवा आहे. बारा वर्षे त्या संध्याकाळी मी दार लावून घरात बसत असे, आणि घरोघर वर्गणी मात्र मीच गोळा करत होते. कुणी मुद्दाम दुखावले असे नाही, फलक दरवर्षी तोच छापला जायचा. आमच्यापासून कर्वेनगर हाकेच्या अंतरावर आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी पुण्यात १८९६ साली आश्रम काढला आणि पुढे तो याच हिंगण्याच्या माळावर आणला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग आम्हाला एक शब्द बदलायला इतका वेळ का लागावा? गेल्या वर्षी बैठकीत मी हे बोलले तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग सेक्रेटरींच्या आईंनी 'सुवासिनी' खोडून 'महिला' लिहिले. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनीच पहिले कुंकू मला लावले. माझा हात थरथरत होता.

या सगळ्याला पैसे थोडेच लागले. उताराचे मंडपवाल्याने दोन हजार घेतले, बाकी काम जिने चढण्याचे. मात्र हे गणपतीच्या आठवडाभर आधी करून भागत नाही. मंडप, स्पीकर, वेळा सगळे ठरून गेलेले असते, आणि मग "पुढच्या वर्षी बघू" होते. म्हणून आत्ता, पहिल्याच बैठकीआधी दोघांनी वही घेऊन फिरावे आणि पैशांच्या आधी विचारावे, "तुम्हाला यायला काय अडतं?"

आमच्या वहीत अजून चार दारे राहिली आहेत. रविवारी सकाळी लातूरच्या मुलींपैकी एक आणि मी जाणार आहोत.

— एक निवृत्त टपाल कर्मचारी, कोथरूड, पुणे